पणजोबा 'बसऱ्याला' होते म्हणजे नेमके कुठे, आणि मागे घर कसं चाललं?

बाकीच्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातलं गाव, चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलेला, त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून ३२ माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यातल्या ४ जणांनी प्राण दिले. विचारणाऱ्यांचे पणजोबा त्या ३२ मधले, जिवंत परत आले पण लढाईबद्दल घरात चकार शब्द काढला नाही, मागे राहिलंय एक मेडल. चुलते म्हणतात ते फ्रान्सला होते, आजी म्हणायची बसऱ्याला. आणि प्रश्न असा की ते खंदकात नेमके कसे राहिले, काय खाल्लं, आणि तेवढी वर्षं इकडे पणजीने घर कसं रेटलं, याचा कुठे काही कागद मिळेल का.

मी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होतो, रिटायर झाल्यापासून लोकांचे आजे-पणजे शोधून देणं हाच उद्योग आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि लोक पहिल्याच्या मागे लागून दुसरा सोडून देतात. पहिला, पणजोबा कुठे आणि कसे होते. दुसरा, घर. सगळे धरून चालतात की शिपायाचे कागद लंडनला असतील आणि घरातल्या बाईचं काय कुठे लिहून ठेवलेलं असणार. माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. साधा शिपाई जिवंत परत आला असेल तर त्याचं नाव लंडनच्या कागदांत क्वचितच मिळतं, पण घराचं त्या चार-पाच वर्षांत काय झालं हे तुमच्या तहसील कचेरीत बऱ्यापैकी सापडतं, शोधायची तयारी हवी.

आधी पणजोबा. सगळं अवलंबून आहे पलटण कुठली यावर, आणि ती कळते मेडलच्या कडेवरून. मेडलचा पुढचा-मागचा फोटो सगळे पाठवतात, कडेचा कोणी पाठवत नाही. जाडीवर बघा, बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कृपा करून पितांबरी, राख, चिंच काही लावू नका, घासून घासून अक्षरं गेलेली कितीतरी मेडलं मी बघितलीत. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरायचा आणि मेडल हळूहळू फिरवत चार-पाच फोटो काढायचे, डोळ्याला न दिसणारी अक्षरंपण फोटोत येतात. एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल, लढणाऱ्याला चांदीचं मिळायचं आणि बिगारी, लेबर कोअर अशा लोकांना काशाचं. पंख असलेली बाई असेल तर व्हिक्टरी मेडल. चांदणीच्या आकाराचा स्टार असेल तर मात्र त्याचं नाव कडेवर नाही, पाठीवर असतं, आणि त्याचा अर्थ १९१५ संपायच्या आत माणूस रणभूमीवर पोचला होता, म्हणजे तो सुरुवातीच्या तुकडीतला. पुष्कळ घरांत चांदीचं मेडल कधीच सोनाराकडे गेलेलं असतं आणि दुसरंच उरलेलं असतं, त्यामुळे एकच आहे म्हणजे एकच मिळालं होतं असं धरू नका.

पलटणीचा नंबर वाचताना एक घोळ हमखास होतो. तेव्हाच्या मराठा पलटणी म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मधे या सगळ्या एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री केली आणि नंबर बदलले, १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी (काळी पाचवी म्हणतात ती), ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, ११४ ची ट्रेनिंग बटालियन, आणि सेंटर बेळगावला. आता घरातला कोणी म्हणतो "पणजोबा पाचव्या मराठ्यात होते" तर तो कुठल्या काळातला नंबर सांगतोय हे आधी ठरवावं लागतं. शिवाय सगळे मराठे मराठा पलटणीतच होते असंही नाही, खडकीच्या सॅपर्समधे (फौजेचं इंजिनिअर पथक) होते, मुंबई इलाख्यातल्या बाकीच्या पलटणींत होते, खेचरांच्या तुकड्यांत ड्रायव्हर म्हणून होते. ड्रायव्हर म्हटल्यावर गाडीचा समजू नका, खेचरं हाकणारा. आणि घर महार समाजातलं असेल तर शोध वेगळ्याच वाटेने जातो, कारण १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मधे त्याविरुद्ध अर्ज केला होता, आणि माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मधे १११ महार ही पलटण उभी केली, लढाई संपल्यावर दोन-चार वर्षांत मोडूनही टाकली. गरज सरो वैद्य मरो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता फ्रान्स की बसरा. तुमची आजी बरोबर असण्याची शक्यता जास्त. फ्रान्सला हिंदी पायदळ गेलं ते लाहोर आणि मेरठ डिव्हिजनमधून, सप्टेंबर १९१४ च्या शेवटी मार्सेय बंदरात उतरलं आणि १९१५ संपता संपता पायदळ तिथून काढून घेतलं. आपल्याकडचे लोक तिथे नव्हतेच असं नाही, खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेलच्या हल्ल्यात होत्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी त्या एका दिवसात मेले किंवा जखमी झाले. पण मराठा पलटणींचं मुख्य युद्ध म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. पुण्याची सहावी डिव्हिजन तिकडे गेली, ६ नोव्हेंबर १९१४ ला फाव इथे पहिली तुकडी उतरली त्यात ११७ मराठा होती, महिना संपायच्या आत बसरा बंदर घेतलं. पुढची चार वर्षं सगळी माणसं, धान्य, घोडे, पत्रं बसऱ्यातूनच गेली, म्हणून गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी "बसऱ्याची लढाई" बसली. लढले असतील दोनतीनशे मैल वर, तरी बसराच. चुलत्यांचं फ्रान्स बहुतेक टीव्हीवरून आलंय. पहिल्या महायुद्धावर मराठीत जे काही व्हिडिओ फिरतात त्यात सरसकट फ्रान्सच्या चिखलाचे फोटो लावलेले असतात आणि खाली नाव साताऱ्याच्या शिपायाचं, डोकं फिरतं बघून.

तर खंदक होते का, होते, पण ते डोळ्यासमोर आणताना फ्रान्स विसरा. झाड नाही, दगड नाही, एक नदी आणि सपाट गाळाची जमीन. उन्हाळ्यात ५० डिग्रीच्या घरात ऊन, माश्या एवढ्या की घास तोंडात घालायची पंचाईत, उष्माघाताने माणसं आडवी होत होती गोळी न लागता. आणि हिवाळ्यात त्याच जमिनीचा पाऊस पडला की चिखल, टायग्रिस नदीला पूर आला की खंदकातच पाणी. २१ जानेवारी १९१६ ला हन्ना या ठिकाणी हल्ला झाला तो अशाच चिखलात, वरून पाऊस, जखमी रात्रभर उघड्यावर थंडीत पडलेले. कुत गावाच्या खाली सन्नैयात या ठिकाणी एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला दलदल, मधल्या चिंचोळ्या पट्टीत तुर्कांनी खंदक खणलेले, बगल देऊन जायला जागाच नाही, समोरून जाणं एवढाच रस्ता. तिथे एप्रिल १९१६ मधे अडकले ते फेब्रुवारी १९१७ पर्यंत.

कुतचा वेढा तुम्ही ऐकला असेल, नसेल तर हे एवढं तरी माहीत हवंच, कारण तुमचे पणजोबा १०३, ११० किंवा ११७ मधले निघाले आणि स्टार मिळालेला असेल तर ते त्यात असण्याची चांगली शक्यता आहे. जनरल टाउनशेंड बगदादच्या दिशेने धावत सुटला, नोव्हेंबर १९१५ मधे बगदादजवळच्या टेसिफोनला मार खाऊन मागे आला, कुत गावात शिरला आणि डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. आतमधे साधारण १३ हजार माणसं होती बिगाऱ्यांसकट, आणि सोडवायला आलेल्या फौजेतले मेलेले-जखमी झालेले २३ हजार, म्हणजे आत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट.

वेढ्यात आधी पिठाची काटछाट झाली, मग ते सातूचं झालं, मग मूठभर. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली तेव्हा हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला, हिंदूंनी आणि मुसलमानांनी दोघांनी. इकडून पंडित-मौलवींचे निरोप मागवले गेले की आपद्धर्म म्हणून चालेल, तरी माणसं तयार होईनात, कारण भीती धर्मापेक्षा गावाची होती, उद्या परत गेल्यावर पंगतीत कोण बसवून घेईल, पोरीला कोण करून घेईल. एप्रिलात शेवटी बरेच जण खायला लागले, पण तोवर उशीर झाला होता. एप्रिलमधेच विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयत्न झाला, वेढ्यातल्या फौजेला असं वरून अन्न टाकण्याची ती पहिलीच वेळ, त्यातली काही पोती नदीत आणि काही तुर्कांच्या हद्दीत पडली. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही, कारण गोरे मांस खात होते पण मैद्याचा पाव, आणि आपले आटा-डाळ खात होते पण ताजं काहीच नाही. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन वेगळे रोग, नुसत्या जेवणामुळे.

स्कर्व्ही फक्त कुतमधे नव्हता, १९१६ मधे सगळ्या मेसोपोटेमियात हजारो हिंदी शिपायांना झाला. हिरड्या सुजून दात हलायला लागतात, जुने व्रण उघडतात, पाय धरतात. भाजी नाही, लिंबू नाही, डाळ आणि आटा आणि तूप, तेपण पोचलं तर. मग उपाय म्हणून चिंच, आमसूल, आमचूर असं काय काय रेशनमधे घातलं गेलं, आणि १९१९ मधे लंडनच्या प्रयोगशाळेत हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी बायकांनी गिनीपिगवर तपासून बघितलं की यात स्कर्व्ही रोखायची ताकद किती, तर फारच थोडी निघाली. मोड आलेली कडधान्यं त्यापेक्षा कितीतरी बरी, तीही पुढे द्यायला लागले. आता गंमत बघा, मटकीला मोड आणणं ही तुमच्या पणजीची रोजची गोष्ट, आणि सरकारला ते कळायला हजारो माणसांचे दात पडावे लागले.

जखमी झाल्यावर काय व्हायचं ते वाचवत नाही. स्प्रिंग नसलेल्या लोखंडी खेचरगाड्यांत, गवतसुद्धा नसलेल्या, हाड मोडलेला माणूस टाकून नदीपर्यंत, तिथून उघड्या पडावात, दिवसच्या दिवस. टेसिफोननंतर बसऱ्याला अशी बोट लागली तेव्हा मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरला लांबून वाटलं की बाजूने दोर लोंबताहेत, जवळ आल्यावर कळलं की ती जखमींची विष्ठा वाळून लटकलेली आहे. त्याने तक्रार केली तर वरच्यांनी त्यालाच दम भरला. पुढे कमिशन बसलं, १९१७ मधे रिपोर्ट आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. सुदैवाने बोटीवर टिकला तो मुंबईला यायचा, आज आपण म्युझियम म्हणून पोरांना दाखवायला नेतो ती काळा घोड्याजवळची प्रिन्स ऑफ वेल्सची इमारत तेव्हा नवीकोरी होती आणि तिथे मिलिटरी हॉस्पिटल होतं.

आणि कुतमधे पकडलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं, बऱ्याच हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्यातले कित्येक वाटेतच गेले. तुमचे पणजोबा बोलत नव्हते याचं कारण हे असू शकतं किंवा नुसता स्वभावही असू शकतो, कागद हातात आल्याशिवाय त्यावर कादंबरी रचू नका एवढंच सांगेन. पलटणीचं नाव कळल्यावर तिची वॉर डायरी बघा, ती ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे आहे आणि ऑनलाइन मिळते, त्यात शिपायांची नावं सहसा नसतात पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती, किती जण पडले, पाऊस होता का ऊन, सगळं तारीखवार असतं. बेळगावलाही विचारून बघा, पण १९२२ च्या आधीच्या साध्या शिपायाबद्दल फार आशा ठेवू नका. पंजाबच्या ३ लाख २० हजार शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममधून बाहेर आली, ती ऑनलाइन आहेत, त्यात लोक साताऱ्याची नावं शोधत बसतात. ती फक्त पंजाबची आहेत.

आता घर, आणि इथे मला जास्त बोलायचंय.

शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यातला हिस्सा घरी लावून देता यायचा, तो मनीऑर्डरने यायचा. कोणाच्या नावावर यायचा हा खरा प्रश्न. एकत्र कुटुंब, बहुतेक वेळा सासऱ्याच्या नाहीतर थोरल्या दिराच्या नावावर, आणि पणजीच्या हातात काय पडायचं ते घराच्या रीतीवर. १९१७ मधे भरती होईना तेव्हा नवीन माणसाला ५० रुपये बोनस द्यायला लागले, सगळ्यांना रेशन फुकट केलं, म्हणजे त्याआधी इथे छावणीत असताना शिपाई स्वतःच्या पगारातून खात होता. हे लक्षात घेतलं की लोक लढायला का गेले या वादातली बरीच हवा निघून जाते. राजासाठी गेले, नाइलाजाने गेले, परंपरा होती म्हणून गेले, सगळंच थोडंथोडं खरं आहे, पण ११ रुपये रोख हातात येणं हे त्या काळच्या कोरडवाहू घरात फार मोठं होतं. टिळकांनी भरतीला मदत करायची तयारी दाखवली होती पण बदल्यात हक्क मागितले, १० जून १९१८ ला मुंबईच्या टाउन हॉलमधे गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मधेच अडवलं आणि ते सभा सोडून बाहेर पडले. तुमच्या गावातल्या ३२ जणांना ते कळलं असेल असं मला वाटत नाही.

पत्रांचं म्हणाल तर शिपायाला लिहिता येत नव्हतं, पलटणीतला कोणी लिहिणारा गाठायचा आणि चारचौघांत सांगायचं. इकडे पणजीला वाचता येत नव्हतं, शाळामास्तर नाहीतर कुलकर्णी ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार, सासू-सासरे, दीर, भावकी सगळी ऐकायला. मधे सेन्सॉर. फ्रान्सच्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरने भाषांतर करून ठेवली म्हणून आज आपल्याला कळतं की लोक आडून लिहायचे, काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, काळी मिरी संपत आली वगैरे. नवरा-बायकोचं म्हणून जे काही असतं ते अशा पत्रात येणार कसं? त्यामुळे एखादं पत्र सापडलंच आणि त्यात नुसतं "मी खुशाल, तुमची खुशाली कळवावी, बैल विकू नये" एवढंच असेल तर निराश होऊ नका, बैल विकू नये या तीन शब्दांत बरंच आहे.

महागाई वर्षागणिक वाढत गेली, कापड, रॉकेल, मीठ, सगळंच. चांदीची टंचाई झाली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची नोट काढली, तोपर्यंत रुपया म्हणजे चांदीचा बंदा रुपया, आता तो कागदाचा. मग १९१८ चा पाऊस गेला. आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली, मुंबईत जूनमधे गोदीतून शिरली, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती भयंकर, ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मेले. गावाकडे तिला मानमोडी म्हणायचे. तरणीताठी माणसं जास्त गेली, बायका जास्त गेल्या. त्या एका साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं मेली, आणि चारही वर्षांच्या लढाईत मेलेले हिंदी शिपाई-बिगारी ७४ हजारांच्या वर. म्हणजे बसऱ्याचा शिपाई वाचला आणि घरातले गेले असं झालेलं कितीतरी घरांत दिसतं, आणि दगडावर फक्त ४ लिहिलंय, गावात मानमोडीने किती गेले ते कुठल्याच दगडावर नाही.

ते आहे कोतवाल बुकात. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षात असते, जात पडताळणीसाठी लोक हेलपाटे घालतात तीच. तुमच्या गावाचं १९१४ ते १९२० चं कोतवाल बुक मागा, नकलेसाठी अर्ज करा. मोडीत असेल, वाचणारा गाठावा लागेल, पुण्या-साताऱ्यात मिळतात. १९१८ ची आश्विन-कार्तिकातली पानं बघा, एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी असतात तिथे पानंच्या पानं भरलेली दिसतील. आणि पोरांच्या जन्मतारखा बघा. तुमच्या आजोबांचा जन्म आणि त्यांच्या आधीच्या-नंतरच्या भावंडांचा जन्म यात जी फट आहे, ती पणजोबांच्या गैरहजेरीची फट असायची शक्यता दाट, त्यावरून ते कधी गेले आणि कधी आले याचा अंदाज लष्कराच्या एकाही कागदाशिवाय येतो. बऱ्याच जणांना १९१८ च्या नोव्हेंबरात लढाई संपूनही सोडलं नव्हतं, इराकमधे ठेवून घेतलं होतं, म्हणून तुमच्या दगडावर १९१९ आहे.

दुसरं म्हणजे फेरफार, जमिनीवरचं नाव किंवा बोजा बदलला की होणारी नोंद. "आपले अभिलेख" पोर्टलवर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन केलेले आहेत, नसतील तर तलाठ्याकडे आणि तालुक्याला. पणजोबांच्या वडिलांच्या नावाने १९१२ ते १९२२ चे सगळे काढा. तिथे घराची आर्थिक कुंडली असते. माझ्या पाहण्यात वारंवार असं येतं की १९१६-१७ ला एखादं जुनं गहाण सुटलेलं असतं, ते कशाने सुटलं तर मनीऑर्डरने, आणि १९१८-१९ ला दुष्काळात तेच रान परत सावकाराकडे गेलेलं असतं. कधी वारसाची नोंद असते, सासरा मेला म्हणून मुलाचं नाव लावलंय आणि पुढे शेरा की इसम लष्करात परमुलखी आहे, वहिवाट अमुकची. तो "अमुक" कोण हे नीट वाचा. दीर असेल तर एक गोष्ट, आणि पणजीचं नाव असेल तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत आहे, तिने स्वतः रान केलं.

सगळं मिळेलच असं नाही. रेकॉर्ड भिजलेलं असतं, वाळवीने खाल्लेलं असतं, कधी नुसतंच "आढळ होत नाही" असा शिक्का. पणजोबा बिगारी म्हणून गेले असतील, आणि गेलेल्या १४ लाखांतले साडेपाच लाखांहून जास्त असेच बिगारी, पाणके, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले होते, तर लष्करी बाजू जवळजवळ कोरीच राहील, घोडेस्वाराचं मेडल काशाचं निघालं की समजा (व्हिक्टरी मेडल सगळ्यांचंच काशाचं असतं, त्यावरून ठरवू नका). तेव्हा तहसीलचे कागदच खरा आधार.

जाता जाता एक काम आधी करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. तुमच्या दगडावरचे ते ४ जण. मेलेल्यांची नोंद जिवंतांपेक्षा चांगली ठेवलीय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट आहे, तिथे सर्च करताना मराठाचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, मधे एच आणि शेवटी डबल टी असलेलं टाका, आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव शोधा, अमुकचा मुलगा, राहणार अमुक, तालुका, सातारा असं पुष्कळ ठिकाणी दिलेलं असतं. गावाचं स्पेलिंग वाटेल तसं असेल, चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. बहुतेक जण बसरा मेमोरियलवर निघतील, तिथे भिंतीवर ४० हजारांहून जास्त जणांचं स्मरण आहे पण हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणवार आकडे कोरलेत आणि नावं रजिस्टरात, गोऱ्यांची मात्र नावानिशी. २०२१ मधे त्या कमिशनच्याच अहवालाने हा भेदभाव मान्य केला. एका गावचे लोक सहसा एकाच पलटणीत भरती व्हायचे, पलटणीतला कोणीतरी जमादार (हिंदी अधिकारी) सुट्टीवर यायचा आणि भावकीतली चार पोरं घेऊन जायचा, त्यामुळे त्या चौघांची पलटण निघाली की पणजोबांचीही तीच असायची शक्यता चांगली आहे, मेडलची कड झिजलेली असली तरी. चारांपैकी दोन नावं मिळाली तरी इथे टाका, आणि मेडलच्या कडेचे फोटो पण, पुढचं मी बघतो.